वय झालं म्हणजे नेमकं काय झालं? हार्मोन उपचारांची एक समीक्षा



सुरुवात आमच्या स्वतःच्या रक्तापासून करतो. गेल्या वर्षी मुलाच्या आग्रहाखातर आम्ही 'फुल बॉडी चेकअप' नावाचा प्रकार करून घेतला. वय त्र्याहत्तर. जेवण झालेलं, दुपारचे चार वाजलेले, तशात एक मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. दोन दिवसांनी बावीस पानांचा रिपोर्ट आला. त्यात एका ओळीपुढे लाल बाण होता, खाली तोंड केलेला. ओळ होती टेस्टोस्टेरॉनची. संध्याकाळी फोन आला. पलीकडची मुलगी अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमची लेव्हल कमी आहे. थकवा वाटतो का? झोप कमी झालीय का? पूर्वीसारखा उत्साह राहिला नाही असं वाटतं का?" आम्ही म्हटलं, "बाई, त्र्याहत्तराव्या वर्षी असं न वाटणारा माणूस तुम्हाला भेटला तर आम्हाला त्याचा पत्ता द्या."

हा हशाचा भाग झाला. पण फोन ठेवल्यावर तो लाल बाण डोक्यात राहिला. बाण खाली आहे, मान्य. पण कशाच्या खाली? पंचविशीतल्या तरुणाच्या, की त्र्याहत्तरीतल्या इतर म्हाताऱ्यांच्या? रिपोर्टात ते कुठेही नव्हतं. आणि आमच्या मते वयानुसार होणाऱ्या हार्मोनघटीचा आणि तिच्यावरच्या उपचारांचा सगळा वाद या एका प्रश्नात आहे: तुलना कोणाशी?

एक खुलासा आधीच करतो. आमच्या नावामागे 'डॉ.' आहे, त्यामुळे लग्नकार्यात लोक आम्हाला गुडघे दाखवतात. आम्ही तत्त्वज्ञानाचे डॉक्टर आहोत. कोणी कुठली गोळी घ्यावी हे आम्ही सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. आमचं काम शब्द तपासण्याचं, युक्तिवाद तपासण्याचं. आज तेवढंच करायचं आहे.

तर शब्दांपासूनच सुरू करू. 'हार्मोन' हा शब्द १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने वापरात आणला. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. पण शब्द यायच्या आधीच आशा आली होती. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने, तेव्हा त्याचं वय होतं बहात्तर, कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि विद्वानांच्या सभेत सांगितलं की आपल्याला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटतं आहे. पुढे शास्त्रज्ञांनी तसाच अर्क बनवून तपासला, तर त्यात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नव्हतंच. म्हणजे म्हाताऱ्याला तरुण केलं ते अर्काने नव्हे, विश्वासाने. आमचा या गृहस्थावर राग नाही. वय जवळपास तेच असल्यामुळे थोडी सहानुभूतीच आहे.

आता दुसरा शब्द घ्या, 'रजोनिवृत्ती'. यातल्या निवृत्तीकडे बघा. आम्ही साठाव्या वर्षी सेवानिवृत्त झालो. निवृत्ती म्हणजे काय? ठरलेली सेवा पूर्ण झाली, वेळ आली, माणूस बाजूला झाला. मागे पेन्शन आहे, सत्कार आहे, शाल-नारळ आहे. हाच माणूस पस्तिसाव्या वर्षी कामावरून काढला गेला तर त्याला आपण निवृत्ती म्हणत नाही, बडतर्फी म्हणतो. नोकरीच्या बाबतीत आपली भाषा इतकी नेमकी आहे. बाईच्या शरीराच्या बाबतीत मात्र दोन्हींना एकच शब्द. हे लक्षात ठेवा, आपण परत इथे येणार आहोत.

आणि तिसरा शब्द 'रिप्लेसमेंट'. हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी, एचआरटी. हल्ली डॉक्टर मंडळी हे नाव मागे टाकून 'मेनोपॉझल हार्मोन थेरपी' म्हणू लागली आहेत. बदल किरकोळ वाटतो, पण त्यामागे एक वैचारिक माघार आहे. 'रिप्लेसमेंट' म्हटलं की गृहीत धरलं जातं, जे असायलाच हवं होतं ते गेलं, म्हणून परत घालतो आहोत. पन्नाशीच्या बाईत इस्ट्रोजेन तिशीइतकं असायलाच हवं होतं का?

'हवंच होतं' असं ठासून सांगणारं पुस्तक म्हणजे रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं 'फेमिनिन फॉरएव्हर'. साल १९६६. प्रचंड खपलं. त्याचा युक्तिवाद साधा होता: ऋतुसमाप्ती हा त्रुटीचा रोग आहे. मधुमेह्याला इन्शुलिन कमी पडतं म्हणून देतो, तसं हिला इस्ट्रोजेन कमी पडतं, तेव्हा द्या आणि आयुष्यभर द्या. औषध हाताशी होतंच. गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेलं 'प्रेमारिन' अमेरिकेत १९४२ पासून विकलं जात होतं. विल्सनच्या कामामागे औषध कंपन्यांचा पैसा होता हे पुष्कळ नंतर बाहेर आलं. पण तो मुद्दा आम्ही बाजूला ठेवतो. पैसा घेऊनही माणूस खरं बोलू शकतो. युक्तिवाद चुकीचा आहे का, ते पाहू.

चूक इथे आहे. दहा वर्षांच्या मधुमेही मुलाची तुलना आपण दहा वर्षांच्या निरोगी मुलाशी करतो. विल्सन मात्र पन्नाशीच्या बाईची तुलना पंचविशीच्या बाईशी करतो. अमेरिकन तत्त्वज्ञ ख्रिस्टोफर बोर्स यांनी १९७७ साली आरोग्याची जी प्रसिद्ध व्याख्या मांडली, तिच्यात ही गोष्ट स्पष्ट आहे: शरीराचं कार्य मापायचं ते त्याच वयोगटाच्या, त्याच लिंगाच्या माणसांच्या तुलनेत. त्या मापाने पन्नाशीत पाळी जाणं हा रोग नव्हे, आणि आमचा लाल बाणही रोग नव्हे.

बोर्स आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर कुरकुरही केली. कारण आमच्याच घरात त्याचं माप अपुरं पडलं. आमच्या सौभाग्यवतींना बावन्नाव्या वर्षी रात्री तीन-तीनदा उठून पदराने घाम पुसावा लागे. तळपायापासून डोक्यापर्यंत वाफ जायची, झोप नाही, दिवसा चिडचिड. बोर्सच्या हिशेबाने त्या ठणठणीत होत्या. पण ठणठणीत असणाऱ्या माणसालाही त्रास होतो, आणि त्रास कमी करणं हे वैद्यकाचं रोग बरा करण्याइतकंच जुनं काम आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना गोळ्या दिल्या. महिनाभरात घरात शांतता नांदू लागली. रोग नव्हता, उपचार योग्य होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे विल्सनला कळलं नाही आणि विल्सनला झोडपणाऱ्या अनेकांनाही कळलं नाही.

मग आला जुलै २००२. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतल्या फार मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला गेला. १६,६०८ स्त्रिया, इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन. बातमी आली की स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो. आमच्या घरी पेपर आठ वाजता येतो. सव्वाआठला गोळ्यांची पट्टी कचऱ्याच्या डब्यात होती. जगभरात लाखो घरांत तेच झालं. आता ते २६ टक्के उलगडून बघा. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला, गोळी न घेणाऱ्यांत ३० जणींना कर्करोग, घेणाऱ्यांत ३८ जणींना. आठ जास्त. आठ म्हणजे शून्य नव्हे, त्या आठ घरांना विचारा. पण २६ टक्के ऐकून मनात जे चित्र उभं राहतं ते हे नव्हे. शिवाय त्या स्त्रियांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे पाळी जाऊन बहुतेकींना दहा-बारा वर्षं उलटलेली. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष बावन्नच्या बाईला लावला. पुन्हा तीच चूक, फक्त उलट दिशेने. विल्सनने पन्नाशीला पंचविशीशी ताडून पाहिलं, आणि २००२ च्या बातम्यांनी पन्नाशीला त्रेसष्टीशी. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे बरेचसे ठळक इशारे काढण्याचं जाहीर केलं, आणि आता आम्हाला भीती वाटते ती लंबक पुन्हा विल्सनकडे जाण्याची.

पुरुषांचं प्रकरण लवकर उरकतो, कारण त्यात वैचारिक मालमसाला कमी आणि जाहिरात जास्त. अंडकोष किंवा पिट्युटरी ग्रंथीच्या आजारामुळे टेस्टोस्टेरॉन बनतच नसेल, तर ते देणं हा रीतसर उपचार. पण नुसत्या वाढत्या वयामुळे ते थोडं उतरलं तर देऊन फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने २०१५ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात लिहायला लावलं. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला नाही, हे खरं, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळ्या होणं थोडं जास्त आढळलं. आणि हो, हे हार्मोन सकाळी जास्त असतं, दुपारी उतरतं. म्हणून ते सकाळी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासायचं असतं. आमचं रक्त दुपारी चारला नेलं होतं. लाल बाणाची कथा इथे संपली.

आता खऱ्या विषयाकडे येतो. हे व्याख्यान आम्ही पुण्यात न देता बारामतीत का देत आहोत, ते आता सांगतो.

आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात. नीरा डाव्या कालव्यावर थोरल्या भावाची शेती, अर्थात ऊस. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी: या दोन तालुक्यांत कुठेही उभं राहिलं तरी कुठल्या ना कुठल्या कारखान्याची चिमणी दिसते. आमचं शिक्षण या उसावर झालं, हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही. पण उसाला तोड लागते, आणि तोडायला टोळी येते ती बीडकडून. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती हंगामभरात फेडायची. एक दिवस काम बुडालं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जाणार. पहाटे अंधारात फडात उतरायचं, वाकून तोडायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढायचं. राहायला पाचटाची कोपी. पाण्याची, संडासाची सोय काय असते ते तुम्ही जाता-येता पाहिलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही उभयता भावाकडे राहायला होतो. टोळीतली एक बाई सकाळी पाणी न्यायला यायची. एके दिवशी ती ओट्यावर टेकली आणि सौभाग्यवतींना म्हणाली, "काकू, थंडीतबी अंगातून वाफा निघत्यात. रातच्याला उठून कोपीभाईर बसावं लागतंय. हाडं तर अशी ठणकत्यात." आम्ही पेपर वाचत होतो. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिलं. ती वाफ त्यांच्या ओळखीची होती.

"पाळी कधी गेली तुझी?"

"पिशवी काढली की."

"कधी?"

"धाकटं पोरगं दोन वर्साचं व्हतं तवा. तीन वर्सं झाली."

"आता वय काय तुझं?"

"तेहतीस-चौतीस आसंल."

"मग डॉक्टरांनी गोळ्या नाही दिल्या या वाफांवर?"

"कॅल्शियमच्या दिल्या व्हत्या. म्हणले, वयानं व्हतं आसं."

वयानं होतं असं. मंडळी, चाळीस वर्षं आम्ही तर्कशास्त्र शिकवलं. याहून चुकीचं विधान आम्ही क्वचित ऐकलं असेल. आम्हाला त्र्याहत्तराव्या वर्षी सांगण्यात आलं की हे वय नव्हे, हा आजार आहे, इंजेक्शन घ्या. तिला तेहतिसाव्या वर्षी सांगण्यात आलं की हा आजार नव्हे, हे वय आहे, सहन कर.

ती एकटी नाही, हे महाराष्ट्राला २०१९ पासून माहीत आहे. त्या वर्षी वर्तमानपत्रांनी बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांना वाचा फोडली. जूनमध्ये तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत आकडा दिला: बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे शंभरातल्या जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशभरात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी स्वीकाराव्यात असा आदेशही दिला.

हे सगळं महत्त्वाचं आहे, आणि ज्यांनी ते लावून धरलं त्यांचे आपण ऋणी आहोत. पण या सगळ्या चर्चेवर आमची एक टीका आहे. चर्चा झाली ती 'काढलं का' याची. 'काढल्यानंतर काय' याची जवळजवळ झालीच नाही. तेरा हजार आठशे एकसष्ट जणी मोजल्या गेल्या, पण त्यांच्या शरीरात पुढची वीस वर्षं काय होणार, हा प्रश्न विचारणारे आवाज फार थोडे.

इथे आमच्या मराठी भाषेचाही थोडा दोष आहे. 'पिशवी काढली.' पिशवी म्हणजे काय? गर्भाशय. पण इस्ट्रोजेन गर्भाशयात बनत नाही, ते बनतं अंडाशयांत. नुसतं गर्भाशय काढलं आणि अंडाशयं ठेवली, तर पाळी बंद होते पण हार्मोन चालू राहतं. तरी अशा स्त्रियांची अंडाशयंही काही वर्षं आधीच थकतात असं अभ्यास सांगतात. आणि दोन्ही अंडाशयंही काढली, तर हार्मोन वर्षानुवर्षं हळूहळू उतरत नाही, ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर तुटतं. वाफा, निद्रानाश हा त्यातला दिसणारा भाग. न दिसणारा भाग असा की हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, पुढे स्मृतिभ्रंशाचाही. 'पिशवी' या एका शब्दात हे दोन्ही प्रकार गुंडाळले गेले आहेत. सौभाग्यवतींनी तिला विचारलं, "नुसती पिशवी काढली की अंडाशयंपण?" तिला प्रश्नच कळला नाही. कळणार कसा? तिला दुसरा शब्द कोणी दिलेलाच नाही.

आणि आता उपरोध बघा. इस्ट्रोजेनच्या बरोबर प्रोजेस्टिन का द्यावं लागतं? कारण नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो, हे १९७५ मध्ये लक्षात आलं. २००२ साली जगाला घाबरवलं ते या जोडीच्या औषधाने. पण जिला गर्भाशयच नाही तिला दुसरं औषध लागत नाही, नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. त्याच अमेरिकन अभ्यासात गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना वेगळं ठेवलं होतं. त्यांच्यात नुसत्या इस्ट्रोजेनने पक्षाघाताचा धोका थोडा वाढला, स्तनाचा कर्करोग वाढला नाही. आणि चाळिशीच्या आत अंडाशयं गेलेल्या स्त्रीला, तिला चालत नसेल असं काही कारण नसेल तर, निदान नैसर्गिक ऋतुसमाप्तीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं, यावर जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांत मतभेद जवळजवळ नाहीत. म्हणजे हार्मोन उपचाराच्या या साऱ्या वादग्रस्त प्रांतात जिथे वाद सर्वांत कमी, तिथेच औषध पोचत नाही. आणि जिथे वाद सर्वांत जास्त, म्हणजे आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत, तिथे ते घरपोच.

हा भेद करण्यासाठी परदेशी तत्त्वज्ञांकडे जायची गरजही नव्हती. सुश्रुताने तो करून ठेवला आहे. भूक, तहान, झोप, जरा, मृत्यू यांना तो स्वाभाविक म्हणतो, त्या देहाबरोबर येणारच. इथवर पुष्कळांना ठाऊक असतं. पण तो पुढे या स्वाभाविक गोष्टींचेही दोन प्रकार करतो: कालज आणि अकालज. नीट रक्षण करूनही जी येते ती कालज. रक्षण न केल्यामुळे जी येते ती अकालज. आम्ही प्रथम हे वाचलं तेव्हा थबकलो. कारण सुश्रुत 'अकाली' ठरवताना नुसतं पंचांग बघत नाही. स्त्रीचं आर्तव पन्नाशीच्या सुमारास संपतं हे त्याने दुसरीकडे सांगितलेलंच आहे, पण इथे त्याचा निकष वयाचा आकडा नाही. निकष आहे, रक्षण झालं का? अकाली म्हातारपण म्हणजे नुसतं लवकर आलेलं म्हातारपण नव्हे, कोणीतरी जपायला हवं होतं आणि जपलं नाही म्हणून आलेलं म्हातारपण. एका वैद्यकीय वर्गीकरणात जबाबदारीचा प्रश्न येऊन बसतो.

या दृष्टीने 'रिप्लेसमेंट' हा टाकून दिलेला शब्द तिच्या बाबतीत परत घ्यावासा वाटतो. आमच्या सौभाग्यवतींना जो उपचार मिळाला तो आराम होता. तिला मिळायला हवा तो भरपाई आहे. मराठीत भरपाई म्हणजे उणं झालेलं भरून काढणं आणि नुकसानीचा मोबदला देणं, दोन्ही. दोन्ही अर्थ इथे लागू पडतात.

ययातीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. खांडेकरांच्या कादंबरीमुळे ती मराठी घराघरांत पोचली. आपण ती कामवासनेची गोष्ट म्हणून वाचतो. आता जरेची गोष्ट म्हणून वाचून बघा. महाभारतात शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला जरा येते. ती नाहीशी करता येत नाही, फक्त दुसऱ्याच्या अंगावर घालता येते. थोरली मुलं नाही म्हणतात. धाकटा पुरू ती घेतो आणि ययाती हजार वर्षं तरुण राहतो. आम्हाला विचाराल तर, पाळीचे चार दिवस खाडा पडू नये म्हणून एखादी बाई तिसाव्या वर्षी पिशवी काढून घेते, तेव्हा हंगाम तरुण राहतो आणि जरा तिच्या अंगावर जाते. पुरूला निदान विचारलं गेलं होतं, आणि शेवटी राज्य मिळालं.

गेल्या महिन्यात हेच आम्ही इंदापूरला बोललो, तेव्हा एक तरुण कार्यकर्ता उठला. म्हणाला, "सर, म्हणजे तुम्ही प्रश्न गोळ्यांवर आणून ठेवलात. उद्या ज्याने नको असताना कापलं तोच म्हणेल, काढा बिनधास्त, वरून गोळ्या आहेतच. मुकादम सुटला, कारखाना सुटला, डॉक्टर सुटला." आम्ही तेव्हा जे उत्तर दिलं ते आम्हाला स्वतःला पुरेसं वाटलं नाही. घरी येईपर्यंत त्याच्या प्रश्नाने पाठ सोडली नाही.

त्याचा धोका खरा आहे. औषध हे अन्यायावरचं पांघरूण होऊ शकतं, हा इतिहास आहे. पण त्याच्या म्हणण्याचा दुसरा टोकाचा अर्थ असा होतो की अन्याय उघडा दिसावा म्हणून तिने वाफा सोसत राहावं. तिच्या हाडांनी आपल्या आंदोलनाचा पुरावा म्हणून ठिसूळ होत जावं. हे मागण्याचा अधिकार त्याला नाही, आम्हालाही नाही. यंत्रात हात गेलेल्या कामगाराला कृत्रिम हात दिल्याने मालकाचा खटला रद्द होत नाही. उलट गोळी देताना कार्डावर कारण लिहावं लागेल: कोणत्या वयात, काय काढलं, का काढलं. आम्हाला वाटतं, हे लिहिणं हाच त्या कार्यकर्त्याच्या हातातला पुरावा होईल. तो आज सभागृहात आला असेल तर त्याने हे खोडून काढावं, आम्ही ऐकू.

बीडमध्ये हंगामापूर्वी आणि हंगामानंतर ऊसतोड स्त्रियांची आरोग्य तपासणी करण्याची शिफारस झालेली आहे. पण त्या वर्षातले पाच-सहा महिने इथे असतात, आपल्या फडांत. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्यांत आरोग्य केंद्रं आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रियेसारखा हा खर्चाचा उपचार नाही. तपासायला हवं, काहींना हे औषध चालणार नाही, रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा कर्करोगाचा इतिहास बघावा लागेल, आणि सहा महिन्यांनी ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली की औषध तुटू नये ही खरी अडचण आहे. त्यावर विचार करणारी माणसं आमच्यापेक्षा जाणती असतील. आमच्यासारखा माणूस एवढंच म्हणू शकतो की तपासणीच्या कागदावर 'पिशवी' हा एकच रकाना नसावा, अंडाशयांचा दुसरा असावा.

त्या बाईला सौभाग्यवतींनी सांगितलं होतं, शस्त्रक्रियेचे कागद घेऊन ये, आपण बारामतीला दाखवू. ती म्हणाली, कागद गावी पेटीत आहेत, पाडव्याला गेले की आणते. त्या हंगामात भावाचा ऊस जानेवारीतच संपला आणि टोळी पुढच्या फडावर गेली. यंदा आलेली टोळी दुसरी आहे. सौभाग्यवतींनी तिच्या नवऱ्याचा मोबाइल नंबर घेतला होता, तो लागत नाही.

बराच वेळ झाला. पुढच्या रांगेत बारामतीतली काही डॉक्टर मंडळी बसलेली दिसताहेत. वैद्यकाच्या बाजूने आमचं काही चुकलं असेल तर पहिला प्रश्न त्यांनी विचारावा.